गादीवर गादी

एका जंगलात, बाळांनो, जमिनीला अधूनमधून हुडहुडी भरायची. म्हणून तिथल्या सिंहमहाराजांनी टेकडीच्या खडकावर नवा राजवाडा बांधला आणि त्याच्या खाली रबराच्या जाड चकत्या बसवल्या. पुढच्या भूकंपात खडक दणादण हादरला, पण वर महाराजांची झोपसुद्धा मोडली नाही.

महाराजांना प्रजेचा कळवळा आला. प्रजेलाही अशीच इमारत हवी! टेकडीवर जागा नव्हती. म्हणजे होती, पण तिथे महाराज ऊन खात बसत. म्हणून तळ्याकाठच्या दलदलीत अंडीघर उभं राहिलं.

ठुमकी लांडोर आपली चार अंडी घेऊन पहिल्याच दिवशी आली. गेल्या भूकंपात तिची सगळी अंडी दरडीखाली गेली होती. आता ही तरी जगावीत, एवढंच तिचं मागणं होतं. तिने दाराशी पाय टेकवून पाहिला. तो गुडघ्यापर्यंत आत गेला.

"अहो हुप्पेसाहेब, खाली सगळा गाळ आहे की!"

हुप्पेसाहेब हे राज्याचे मुख्य इंजिनियर. जातीने वानर.

"तेच तर, बाई!" ते शेपटी झटकत म्हणाले. "वर रबर, खाली गाळ. गादीवर गादी! महाराजांपेक्षा दुप्पट मऊ."

ठुमकीला पटलं. मऊ गादी कुणाला नको असते?

मग भूकंप झाला. खडक भराभर थरथरतो. गाळाचं तसं नसतं, तो सावकाश, लांब लांब झुलतो. चकत्यांवरची इमारतही सावकाशच झुलते. दोघांचा ताल अगदी जुळला. झोका चढत जावा तशी इमारत दर हेलकाव्याला आणखी लांब जाऊ लागली.

"घाबरू नका, ती हलायलाच बनवलीय!" हुप्पेसाहेब दूरच्या झाडावरून ओरडले.

ठुमकीने अंडी पंखांखाली घेतली. इमारत चकत्यांवरून घसरली आणि शेजारच्या बांधावर धाडकन आदळली. तीन अंडी फुटली. ती रडली, बाळांनो, फार रडली.

रीतसर चौकशी झाली. चकत्या निर्दोष सुटल्या. गाळाला कडक समज देण्यात आली.

ठुमकी उरलेलं अंडं घेऊन टेकडी चढली. "महाराज, एक कोपरा द्या. एवढं एकच राहिलंय हो."

महाराजांचे डोळे पाणावले. "इथे? अगं बाई, इथे खाली नुसता खडक! अंड्याला टोचेल ना. तुझ्यासाठी दलदलीतच नवीन अंडीघर बांधतोय. या वेळी चकत्या दुप्पट जाड!"

तात्पर्य: चकत्या सर्वांना सारख्या वाटाव्यात. खडक ही काही वाटायची वस्तू नव्हे.