हाकोन क्वामे यांनी बसवलेली कडी

टोर्केल क्वामे आपली काडतुसे आपणच भरीत. त्यांचे चिरंजीव आस्ब्योर्नही भरीत. आणि आस्ब्योर्न यांचे चिरंजीव हाकोन यांनी तर काडतुसे भरायच्या यंत्रावर डायची, म्हणजे कवचाचा काठ गोळीवर वळवणाऱ्या साच्याची, कडी एकदा अशी पक्की बसवली, की पुढे तिला हात लावण्याची कोणाची छाती झाली नाही. या हाकोन यांच्या कन्या थोराबाई, वय एक्याऐंशी. मोंटानातल्या आपल्या गावच्या नेमबाजी क्लबात काडतुसे भरण्याचा वर्ग त्याच घेत. यंदा मात्र क्लबातल्याच डेल्बर्ट स्टोकने तो वर्ग मागितला, आणि क्लबाने निवाडा दिला : रविवारच्या रिव्हॉल्व्हर स्पर्धेत या दोघांपैकी जो जिंकेल, वर्ग त्याचा!

"वर्ग माझाच आहे," असे म्हणून थोराबाईंनी यंत्राचा दांडा ओढला.

नात सिग्ने शेजारी कॉफी घेऊन उभी होती. "आजी, ही कवचं नवी आहेत, जुन्यांपेक्षा आखूड. डाय जरा खाली घे ना. कवचाचा काठ गोळीवर वळतच नाहीये, बघ! गोळी धरून कशी राहणार?"

"ही कडी माझ्या वडिलांनी बसवली आहे, सिग्ने."

"अगं, पण त्यांनी ही कवचं कुठं पाहिली होती!"

"त्यांनी तुलाही पाहिलं नव्हतं. तरी तू ठीकच निघालीस ना?"



रविवारी थोराबाईंनी सहापैकी पहिल्या दोन लोखंडी पाट्या अशा डौलात पाडल्या, की डेल्बर्टने टोपी मागे सारून कपाळ पुसले. तिसऱ्या पाटीसाठी घोडा मागे ओढू लागल्या, तर तो हलेचना! गोळ्यांचे चक्र तव्याला चिकटलेल्या लेफ्सेच्या पोळीसारखे जागच्या जागी बसले होते.

"तेल कोणी घातलं यात?" थोराबाई गरजल्या.

"तूच, आजी."

"मग थंडीनं आखडलं असेल."

"जुलै आहे, आजी!"

पंचांनी रिव्हॉल्व्हरची नळी मातीच्या बांधाकडेच ठेवून वाकून पाहिले. "थोराबाई, आधीच्या बारांच्या दणक्यानं गोळ्या कवचातून पुढं सरकल्यात. चक्राबाहेर डोकी काढून बसल्यात. काठ वळवलेलाच नाही हो! दुसरी काडतुसं असतील तर फेरी पुन्हा घ्या, नाहीतर बाद."

डब्यातली सारी काडतुसे त्याच कडीखालून गेलेली होती.

तेवढ्यात डेल्बर्टने ओंजळ पुढे केली. "घ्या, सहा आहेत. मी पोरगा होतो तेव्हा इथंच माझं चक्र अडकलं होतं. तेव्हा तुम्ही सहा दिली होतीत."

"अरे, ते काय मी मोजलं होतं का कधी!" थोराबाई विरघळल्या.

त्या काडतुसांनी त्यांनी पाच पाट्या पाडल्या. डेल्बर्टने सहाही पाडल्या.

टाळ्या थांबल्यावर डेल्बर्टने टोपी काढली. "थोराबाई, काडतुसं परत केली. पण त्या दिवशी त्यांच्यासोबत तुम्ही मला एक वाक्यही दिलं होतं. तेही परत करतो." आणि पार कॉफीच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात तो म्हणाला, "ज्याला आपली डाय बसवता येत नाही, त्यानं शनिवारी माझ्या वर्गाला यावं, आणि पुढच्या बाकावर बसावं!"

थोराबाईंनी आपल्याच त्या वाक्यात चूक शोधून पाहिली. एक शब्दही कमी नव्हता.