अधिवेशनातली ऊब

एका जंगलात दर हिवाळ्यात अधिवेशन भरत असे, आणि ते गुहेतच भरत असे. बाहेर छान ऊन पडलेले असायचे. पण उन्हात राज्यकारभार केला तर तो सगळ्यांना दिसतो, म्हणून गुहा. हसू नका मुलांनो, मोठेपणी तुम्हीही हेच करणार आहात.

तिथे मतदानाची एक रीत होती. ठराव वाचला की ज्याची मान खाली गेली त्याचा होकार, ज्याची ताठ राहिली त्याचा नकार. माना मोजायचा दगडू साळिंदर, स्वभावाने गरीब आणि मोजणीत पक्का. त्याची बायको भागूबाई गुहेच्या झरोक्यातला पालापाचोळा काढून हवा खेळती ठेवायची. हे काम कोणाच्या लक्षातही येत नसे.

यंदा कडाक्याची थंडी पडली. भाषण करताना सिंहमहाराजांचे दात वाजू लागले आणि विरोधी बाकांवरची हरणे तोंड लपवून हसू लागली. मग तरस प्रधानाने टेकडीपलीकडच्या माणसांच्या तंबूतून गॅसचा हीटर पळवून आणला. चाकांवर फिरणारा, पोटात सिलिंडर असलेला. सोबत एक कागद होता. बंद जागेत लावू नये, खिडकी उघडी ठेवावी, असे त्यावर लिहिले होते.

प्रधानाने तो कागद वाचून दाखवला आणि विचारले, ऊब आत करायची आणि खिडकीतून घालवायची, हे कुठले शहाणपण? शिवाय सूचना माणसांसाठी होत्या. झाले. झरोका चिखलाने लिंपला, दाराला गवताचा जाड पडदा लागला आणि भागूबाईला हार घालून सेवानिवृत्त करण्यात आले.

त्या संध्याकाळी दगडू डोके धरूनच घरी आला. पोटात मळमळतही होते.

"अहो, उद्या जाऊ नका," भागूबाई म्हणाली. "मला ती गुहा बरी वाटत नाही."

"मग माना कोण मोजणार?" दगडू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सभागृह भलतेच समजूतदार झाले. कोणी ओरडले नाही, कोणी मध्ये बोलले नाही. एकेक मान खाली जात होती आणि दगडू मोजत होता. दुपारपर्यंत अकरा ठराव मंजूर झाले. महाराजांच्या न्याहारीला रोज एक हरीण पोचते करावे, हाही त्यात होता. हरणांच्या माना तर जमिनीला टेकल्या होत्या. अशी लोकशाही पाहून प्रधानाला भरून आले, आणि त्याचीही मान खाली गेली.

भागूबाईला घरी चैन पडेना. ती गुहेपाशी आली आणि तिने कान लावला. आत अधिवेशन चालू आणि आवाज नाही? तिने पडदा ओरबाडून काढला, झरोक्याचा चिखल नखांनी उकरला, हीटर बंद केला आणि दगडूला पाय धरून उन्हात ओढत आणले. तो हलेना. ती त्याच्या छातीवर डोके ठेवून रडली, मग तिने त्याला दोन थपडा दिल्या.

दगडूने डोळे उघडले. "एकमताने मंजूर," तो पुटपुटला.

हळूहळू आतलेही शुद्धीवर आले. हरणांनी मंजूर ठराव वाचले, आरडाओरडा केला आणि सभात्याग करून ती जंगलात पळाली. महाराज संतापले. चौकशी झाली. निष्कर्ष असा निघाला, की सभागृह शांततेत चालले होते, बाहेरची हवा आत शिरल्यावरच गोंधळ माजला. भागूबाईला लेखी हुकूम मिळाला: झरोक्याला पुन्हा हात लावल्यास हद्दपारी. झरोका परत लिंपला, पडदा लागला, हीटर पेटला. हुकमावर मतदान घ्यायला महाराज आणि प्रधान दोघेच आत गेले. दगडूने तब्येतीचे कारण सांगितले.

साळिंदर नवराबायको उन्हात कंदमुळे उकरत बसली. बऱ्याच वेळाने आतला आवाज थांबला.

"एकमत झालं वाटतं," दगडू म्हणाला. "झरोका उघडायचा का गं?"

भागूबाईने हुकूम काढून पुन्हा एकदा सावकाश वाचला.

"जेवून घ्या आधी," ती म्हणाली. "मग बघू."

तात्पर्य: थंडीत गॅसचा हीटर लावताना दारेखिडक्या घट्ट बंद कराव्यात, म्हणजे घरात मतभेद उरत नाहीत. ज्यांना जगायचीच हौस आहे, त्यांनी सभात्याग करावा.