बारा वर्षं मुरलेला काढा

संत तुकाराम नगरात व्हिस्की पिणारे पुष्कळ असतील, पण चाखणारा एकच, आणि तो म्हणजे मी! हे मी चाकणच्या आमच्या गिअर कंपनीत इतक्यांदा सांगितलं की शेवटी मेंटेनन्सचा दिग्विजय वैतागला. परदेशी ट्रेनिंगहून येताना तो शेरी वाइनच्या लाकडी पिंपात मुरलेल्या सिंगल माल्ट व्हिस्कीची बाटलीच घेऊन आला. म्हणाला, "शेखर, फार बोलतोस राव. आता चाखून दाखव!"

कंपनीच्या साप्ताहिक सुट्टीचा गुरुवार ठरला. माझी बायको तेजस्विनी मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला गेलेली. भर दुपारी आम्ही दोन ग्लासांत दोन-दोन बोटं ओतली, पंखा बंद केला (वास उडतो म्हणे!) आणि मी ग्लासात नाक खुपसलं.

"काय येतंय?" दिग्विजयनं विचारलं.

"शिंक!"

"अरे, नीट घे. मनुका! अंजीर! लवंग!" डोळे मिटून तो असा बोलत होता, जणू वाणसामान सांगतोय.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सासू-सासरे! मी बाटली सोफ्यामागे ढकलली, पण ग्लास टीपॉयवरच राहिले.

सासरे नानासाहेब म्हणजे चिंचवड गावठाणातलं जुनं घराणं. लग्नाच्या बैठकीत त्यांनी माझा पगारसुद्धा विचारला नव्हता. एवढंच म्हणाले होते, "पाव्हणं, घेता का?" आणि मी छाती पुढे काढून म्हणालो होतो, "मामा, मी चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो!" त्या एका वाक्यावर माझा संसार उभा आहे हो!

वास आधी सासूबाईंना लागला. शालनबाईंचं नाक म्हणजे गॅसगळती शोधणारं यंत्र!

"कसला वास हाय ह्यो?"

"काढा!" माझ्या तोंडून निघून गेलं. "खोकल्याचा काढा, मामी!" पुरावा म्हणून मी खोकलो. मित्रधर्म म्हणून दिग्विजयही खोकला.

"काय काय घातलंय त्यात?"

मी दिग्विजयकडे पाहिलं. या गड्याला खोटं बोलताच येत नाही!

"मनुका, अंजीर, लवंग... असा स्वाद येतो," तो म्हणाला. "म्हणजे, पिंपात आधी द्राक्षासव असतं. ते काढतात आणि मग हे भरतात. बारा वर्षं मुरवतात."

"बारा वरसं! आमचं लोणचं बी एवढं टिकत न्हाई!"

मी "नको, मामी!" म्हणेपर्यंत त्यांनी माझा ग्लास रिकामा केला आणि दिग्विजयचा नानासाहेबांच्या हातात दिला. मामींचा चेहरा तापल्या तव्यासारखा लाल झाला. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

"आगं आयाया! घशातनं निघालं ते थेट गुडघ्यापतुर गेलं की!"

"जहाल हाय," नानासाहेब मिशा पुसत म्हणाले. "म्हंजी औषध अस्सल हाय. अजून आना."

मामींनी सोफ्यामागची बाटली वासावरून काढली आणि चहाच्या पातेल्यात निम्मी रिकामी केली. वर गूळ! वर किसलेलं आलं!

"मामी, उकळू नका! गुण जातात!" दिग्विजय ओरडला. गुण कसले, त्याचा जीव जात होता! लेकीच्या पाठवणीला बाप उभा राहावा तसा तो ओट्याशी उभा होता.

"बरं बाबा, कोमटच करते."

दोन कप झाले. आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत न हसलेले नानासाहेब दिग्विजयला "भावा!" म्हणाले आणि फ्रिजच्या पाठीवर थाप मारून खदाखदा हसले. मामींनी उरलेला काढा, बाटलीत उरलेल्यासकट, थर्मासमध्ये ओतला.

"सांच्याला भजन हाय. केसरबाईंचा घसा बसलाय."

"नको, मामी!" मी थर्मास धरला. त्यांनीही धरला. रस्सीखेच सुरू!

"पाव्हणं, बायकांना औषध द्यायचं तुमच्या जीवावर येतंय व्हय?"

आता सांगायलाच हवं होतं. मी डोळे मिटले. "मामी, त्यात दा... दा..."

नानासाहेबांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"...दालचिनी जास्त आहे!"

"मग तर लईच ब्येस!" म्हणत मामी नानासाहेबांना घेऊन रिक्षात बसल्या. थर्मास मांडीवर, तान्ह्या बाळासारखा!

तेजस्विनी आली. तिनं पातेल्यातला चमचा चाटला आणि कमरेवर हात ठेवले. मी सगळं सांगितलं. ती इतकी हसली, इतकी हसली, की भिंतीला टेकून खाली बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "आईबाबांना यातलं एक अक्षर कळता कामा नये. आता तू काढा करायचास. खरा. दर गुरुवारी!"

तेव्हापासून माझी सुट्टी मनुका, अंजीर आणि लवंगा उकळण्यात जाते. मी थर्मास भरतो, गावठाणात पोचवतो आणि पाया पडून परत येतो. दिग्विजय डब्यातलं जेवण माझ्यापासून दोन टेबलं लांब बसून खातो.

काल मामींचा फोन आला.

"पाव्हणं, काढा बरा हाय तुमचा. खोकला जातोय. पर केसरबाई रुसल्यात."

"का हो, मामी?"

"त्या म्हनत्यात, त्या दिशीच्या काढ्यानं गवळण म्हनताना पाय थांबत नव्हतं. ह्या काढ्यानं नुसती झोप येतीया!"