पाचव्या तारेमागची घुरघुर

रविवार, दिनांक १० मे १९८७. सकाळचे नऊ वाजून बारा मिनिटे. स्थळ, भास्कर बेहेरे याच्या घराची पडवी. उपस्थित माणसे तीन, खुर्च्या दोन, इलेक्ट्रिक बासगिटार एक, तिच्या तारा पाच, घुरघुर एक.

गुन्ह्याच्या जागी पोचताच प्रथम मोजणी करावी, हा माझा परिपाठ. स्वतःचा परिचय स्वतः देणे सभ्यतेला धरून नाही. परंतु तपासाच्या दृष्टीने तो आवश्यक आहे. मी आप्पा सोहोनी. यंत्र अभियांत्रिकीची पदविका, तंत्रनिकेतनाच्या कर्मशाळेत एकतीस वर्षे निदेशक. निवृत्तीनंतर मी गुप्तहेर झालो, कारण एवढी निरीक्षणशक्ती नुसती घरात पडून राहिली असती तर तिला गंज चढला असता. रत्नागिरी जिल्ह्यात खासगी गुप्तहेर किती आहेत याची मी स्वतः गणना केली असून तीत माझा पहिला क्रमांक लागतो. एकूण संख्या एक आहे, ही बाब गौण.

माझा सहायक रावजी. तो एस.टी.त कंडक्टर होता. तीस वर्षे प्रवाशांची वये ऐकून त्याचा मनुष्यजातीवरचा विश्वास उडालेला आहे. माझ्यावर तो मुळात बसलाच नव्हता.

"आप्पा, ऐकलीत?" भास्करने विचारले.

मी डोळे मिटले. घुर्रर्र. एखादी म्हैस भिंतीपलीकडे रवंथ करीत असावी आणि तिला त्यात गोडी वाटत असावी, असा तो आवाज होता. तो अखंड होता आणि भास्करच्या अलमारीएवढ्या अॅम्प्लिफायरमधून येत होता. गिटारची तार वाजो न वाजो, त्याला पर्वा नव्हती.

"ऐकली," मी गंभीरपणे म्हणालो. "ही घुरघुर आहे."

"ते मीसुद्धा सांगितलं असतं," रावजी म्हणाला.

आता या वाद्याविषयी. ते दुकानातले नव्हे. भास्कर शाळेत भूगोल शिकवतो आणि श्रीपती नेन्यांच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. चार तारांची उसनी गिटार वाजवता वाजवता त्याला अशी खात्री पटली की, खाली अजून काहीतरी आहे. "चौथी तार संपते तिथे मला पुढची पायरी दिसते, आप्पा, पण पाय ठेवायला ती नसतेच," असे तो म्हणे. अखेर त्याने धाकू सुताराला गाठले. धाकूने जन्मभर पाट, देव्हारे आणि मृदंगाची खोडे केली. वीज लागणारे वाद्य त्याने पाहिलेही नव्हते. "पाचवी तार कशाला रे? चारांत भागत नाय?" त्याने विचारले. खर्जासाठी, असे भास्करने सांगताच तो उठून उभा राहिला. "मंग आदी सांगायचं! मृदंगाच्या डाव्या अंगासारकं. लाकूड जुन्या फणसाचं लागंल." चौदा महिने खपून त्याने फणसाचे अंग आणि शिवणीच्या लाकडाचा दांडा घडवला. तारा आणि तारांचा कंप टिपणारा पिकअप बोटीवर नोकरीला असलेल्या भास्करच्या मावसभावाने सिंगापूरहून आणला.

ती पाचवी तार प्रथम छेडली गेली तेव्हा मी हजर होतो. आवाज कानांना नंतर कळला. आधी तो तळपायांना समजला. फळीवरचे पितळी डबे एकमेकांशी बोलू लागले. मांजर उठून अदबीने उभे राहिले. आणि ज्या भास्करला मी सात वर्षांत दात दाखवून हसताना पाहिले नव्हते, तो पोटावर गिटार धरून लहान पोरासारखा खिदळू लागला. धाकू मात्र खाली मान घालून रंध्याची धार बघत होता. त्याचे डोळे ओले होते. त्याने कारण भुशाचे सांगितले.

असा हा खर्ज तीन मेपासून घुरघुरीत बुडाला होता. श्रीपती नेन्यांनी निर्वाणीचा इशारा दिला होता. "येत्या रविवारी दहा वाजता येतो. घुरघुर असली, तर लांज्याच्या कार्यक्रमाला चिपळूणचा चार तारांचा माणूस उभा राहील. आणि नंतरही तोच. हे फणसाचं लाकूड मग माजघरात टांग, आंबे ठेवायला."

म्हणजे सात दिवसांत भास्करची जागा वाचवायची होती.

"मी काय म्हणतो," रावजी म्हणाला, "ही गिटार दुसऱ्या कुणाच्या घरी लावून बघू या का?"

"रावजी," मी त्याला समजावले, "गुन्ह्याची जागा कधी हलवायची नसते."

सोमवारी मी पडवीचा आराखडा काढला. प्रमाण एकास पन्नास. परसदार त्यात मावत नव्हते, म्हणून तपासातून वगळले.

पहिला सिद्धान्त सरळ होता. लाकूड फणसाचे, लाकडात राहतो भुंगा, भुंगा घुरघुरतो. मी डॉक्टरांकडची छाती तपासायची नळी आणून गिटारच्या अंगाला लावली आणि धाकूला बोलावून घेतले.

"धाकू, मन घट्ट कर. आत भुंगा आहे."

"माज्या फणसात भुंगा? आप्पा, ह्या लाकडाला मी माज्या नातवापेक्षा जास्त वेळ मांडीवर घेतलंय."

"आवाज येतो आहे."

"नळीचं टोक घसरलंय, तुमच्या पोटावर हाय."

तसे ते होते. सकाळी मी फणसाचेच गरे खाल्ले होते. तरीही आम्ही भिंगातून वाद्याचा इंचन्‌इंच तपासला. छिद्र सापडले नाही; पेन्सिलची एक बारीक खूण सापडली, ती धाकूने शरमेने पुसली. जाताना तो एवढेच म्हणाला, "घुरघुर लाकडाची निघाली तर करवत घेऊन येतो आन् सोता कापतो. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाय." हे ऐकून भास्करने गिटार छातीशी धरली.

बुधवारी दुसरा सिद्धान्त तयार झाला. घुरघुरीने लाभ कुणाचा? चिपळूणच्या माणसाचा. त्याला आणणार कोण? श्रीपती. म्हणजे श्रीपतीच घातपाती! त्याच पहाटे तो समुद्रकाठच्या आरे-वाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत चढला, आणि मागच्या बाकावर मी व रावजी. मी वर्तमानपत्राआड तोंड लपवले होते.

"काय आप्पा, आज आरे-वाऱ्याला?" श्रीपतीने पुढून विचारले.

"यांनी कसं ओळखलं?" मी कुजबुजलो.

"पेपर उलटा आहे," रावजी म्हणाला.

किनाऱ्यावर संशयित एकटाच पाण्यात गुडघाभर उभा राहिला आणि समुद्राकडे तोंड करून ओरडू लागला. आधी लांब "आ", मग आखूड "आ", मग दोन "ओ". मी ते सर्व टिपून घेतले. खाणाखुणा! क्षितिजावर होडीही होती.

"रावजी, हा होडीला निरोप देतोय."

"रियाज करतोय."

"समुद्रात?"

"घरी बायको करू देत नाही. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

मी होडी किनाऱ्याला लागेपर्यंत वाट पाहिली. तिच्यात बांगडे होते.

गुरुवारी मी भास्करच्या आई आनंदीबाई यांचा जबाब घेतला. त्यांनी जेवायलाच बसवले. "आज फतफतं करणार होते हो, आप्पा, पण अळवाची पानंच नाहीत. दांडे नुसते माना टाकून बसलेत. बटाट्याची भाजी चालेल ना?"

"वहिनी," मी नम्रपणे म्हणालो, "कृपा करून प्रकरणाशी संबंधित तेवढेच बोला." आणि भाजी दोनदा घेतली.

शुक्रवारी सर्वांत खोल सिद्धान्त सुचला. पाचवी तार परदेशी, शिवाय सर्वांत जाड. ती आकाशातून परकीय लहरी ओढून घेत असली पाहिजे. मी ती काढायला लावली. घुरघुर तशीच. चौथी काढली. तशीच. शेवटी सगळ्या काढल्या, आणि तारा नसलेली गिटार तितक्याच निष्ठेने घुरघुरत राहिली. भास्करने गिटारवरच्या धातूच्या पट्टीला हात लावला तर बोटाला मुंग्या आल्या.

"हात लावला की मुंग्या येतात, आप्पा."

"भावनेने येतात," मी म्हणालो. "लिहून घे रावजी. अॅम्प्लिफायरला घुरघुरीची सवय लागली आहे."

"हे लिहू?"

"शब्दशः."

रावजीने लिहिले नाही. भास्करने पाचही तारा एकेक करून परत चढवल्या, पाचवी सगळ्यांत शेवटी, आणि ती अगदी हळू छेडली. घुरघुरीच्या तळाशी ती कुठेतरी होती, विहिरीत पडलेल्या कळशीसारखी. "रविवारनंतर मी चौथ्या तारेवरच थांबतो," तो म्हणाला. "कित्येक लोक थांबतात. त्यांचं काही बिघडत नाही."

मी पडवीचा आराखडा उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली.

रविवार, दिनांक १७ मे. दहाला पाच कमी. श्रीपती आला. धाकूही आला, त्याच्या हातात करवत होती. अॅम्प्लिफायर लावला. घुर्रर्र. मी उभा राहून माझा अंतिम निष्कर्ष वाचायला घेतला. त्यात एकूण सात मुद्दे होते आणि आरोपी चार, पैकी एक भुंगा.

दुसऱ्या मुद्द्यावर परसदारातून गोदाचा आवाज आला. गोदा म्हणजे बेहेऱ्यांकडे अंगणापरसाची कामे करणारी. तिच्या आवाजाला अॅम्प्लिफायर लागत नाही.

"कोन मेल्यानं ह्या अळवाचं पानी तोडलंन? पंदरा दीस बगतंय! आज मी कुनाला इचारनार नाय, मी घालनार!"

बादली उपडी झाल्याचा आवाज आला. मग दुसरी.

"तिसरा मुद्दा," मी म्हणालो.

"आप्पा, गप्प बसा," श्रीपती म्हणाला.

घुरघुर बदलली होती. म्हैस जणू उठून दूर चालली होती. मग आणखी दूर. काही मिनिटांत ती कुठल्याशा टेकडीपलीकडे गेली, आणि पडवीत इतकी शांतता झाली की रावजीच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. भास्करने धातूच्या पट्टीवर बोट ठेवले. मुंग्या नाहीत.

आम्ही सगळेच परसदारी धावलो. मोरीजवळच्या अळवात रिकामी बादली घेऊन गोदा उभी होती. तिच्या पायाशी जमिनीतून एक लोखंडी नळी वीतभर वर आली होती आणि नळीला तांब्याची तार बांधलेली होती.

"गोदा, ही नळी कसली?" श्रीपतीने विचारले.

"ही? बाबू वायरमननं पुरलेली. घरची चुकार वीज हितनं भुईत जाते म्हनाला. आपला कातळ सुका, म्हनून मोरीच्या पान्यावर, अळवात पुरलान. मला बजावून गेला, गोदाक्का, हितली माती सुकू देऊ नको, नायतर घरातली यंत्रं कुरकुरतील."

मी चष्मा पुसला. अर्थिंग! कोरड्या जांभ्या दगडात पुरलेली अर्थिंगची नळी ओल गेली की निकामी होते, हे मी एकतीस वर्षे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर लिहून देत आलो आहे. परीक्षेत त्याला चार गुण असत.

"मग हे तू आधी का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"तुमी मला इचारलंव कदी? आटवडाभर पडवीत भुंगे मोजत होतंव."

"ते असो. मुख्य प्रश्न असा की मोरीचं पाणी तोडलं कुणी? हाच खरा गुन्हेगार. भास्कर, कुणावर संशय?"

भास्कर चुळबुळला. आनंदीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "एप्रिलअखेरीस तुम्हीच नाही का पोफळीची पन्हळ बसवून दिलीत? सांडपाणी अळवात वाया जातं, ते आंब्याच्या नव्या कलमांना द्या म्हणालात. उतार चाळीसास एक. पाणसळ लावून बघितलात."

मी पन्हळीकडे पाहिले. उतार अचूक होता. एक थेंबही अळवाकडे जात नव्हता. काम उत्तम झाले होते, हे मी आजही नाकारत नाही.

"म्हणजे गुन्हेगार सापडला," रावजी म्हणाला. आठवडाभरात प्रथमच त्याने काहीतरी लिहून घेतले.

धाकूने करवत मोरीच्या कट्ट्यावर ठेवली आणि पन्हळ उचलून मोरीच्या तोंडाखाली अर्धीच ठेवली. अर्धे पाणी कलमांना, अर्धे अळवाला. मग तो आत जाऊन गिटारसमोर मांडी घालून बसला. "वाजव, मास्तर."

भास्करने पाचवी तार छेडली. पितळी डबे बोलू लागले. खर्ज जमिनीतून आला, भिंतींत शिरला आणि परसदारी गोदाच्या रिकाम्या बादलीपर्यंत पोचून तिथेही गुणगुणला. भास्कर एकेक पायरी खाली उतरत गेला आणि प्रत्येक पायरीला पाय टेकत होता. श्रीपती मिश्किल काही बोलायच्या बेताने उभा होता. त्याचे तोंड उघडेच राहिले, आणि त्यातून आपोआप तो समुद्रावरचा लांब "आ" निघाला. सुरात होता. दोघे पाऊण तास थांबले नाहीत. धाकू मांडीवर ठेका धरत होता, आनंदीबाई झाऱ्यासकट दारात आल्या होत्या, आणि गोदा ओरडून सांगत होती की, हे आवाज चांगले, पण बादली कुणीतरी धरा, ती चालत निघालीय.

"लांज्याला तू पुढच्या रांगेत," श्रीपतीने शेवटी धापा टाकत सांगितले. "चिपळूणला मी पत्र टाकतो."

प्रयोगवहीच्या शिस्तीला धरून नोंद पुढीलप्रमाणे केली. भास्कर बेहेरे ऑर्केस्ट्रात कायम. घुरघुर शून्य. लागलेले साहित्य : पाणी, दोन बादल्या.