सहावा फोन

शुक्रवारी सकाळी केरू अंगणात मोबाईल हातभर लांब धरून मेसेज वाचत होता. मुंबईच्या एका दुकानाचा खरेदीवाला हर्षद आज नम्रताची फणसपोळी चाखायला यायचा होता. माल पसंत पडला तर लेक गुहागरातच राहणार. नाहीतर सोमवारी ठाण्याला मावशीकडे, नोकरीला. तिची बॅग ओटीवर भरून ठेवलेली. दोन दिवस केरू त्या बॅगेला वळसा घालून चालत होता.

"'फ्रायडे व्हिजिट कॉल्ड ऑफ. प्लीज कन्फर्म.' कॉल ऑफ! म्हंजे व्हिजिटीच्या वेळी फोन बंद. खान्याची जिन्नस, फोनाला सतरा हात लागलेले. बरोबर ना गो?"

दापोलीला शिकून आलेल्या नम्रताने मेसेज वाचला. मग पुन्हा वाचला.

"तुम्ही म्हणताय तर बंदच करूया, बाबा."

केरूने घरातले तिन्ही फोन बंद करून तांदळाच्या पिंपात पुरले.

"आनि त्यांचाच फोन आला तर?" बायकोने, आवडाबाईने, विचारलं.

"बंद ठेवायला सांगून फोन कोन करील?"

शेजारचा बाबल्या मदतीला आला, त्याचेही दोन गेले.

"केरूदादा, ह्यो बिघडलेला हाय."

"बिघडला तरी फोनच तो."

तिकडे गुहागरच्याच बाजूला फिरतीवर आलेला हर्षद सकाळपासून फोन लावत होता. वेळ पुरणार नाही म्हणून त्याने भेट रद्द केली खरी, पण उलट उत्तर नाही आणि सगळे फोन बंद. माणसं वाट बघत बसली असतील, दोन मिनिटांत सांगून निघू, म्हणून त्याने गाडी वळवली.

"नमस्कार. ते कॉल ऑफचं..."

"केले ना! सगळ्यांचे केले. तुमचाच ऱ्हायलाय."

हर्षदला कळायच्या आत त्याचा फोन पिंपात गेला. झाकणावर आवडाबाईने वरवंटा ठेवला.

"अहो, मी सांगायला आलो होतो की..."

"सांगा. पन खाऊन."

पहिला तुकडा त्याने भिडेखातर खाल्ला. दुसरा आवडाबाईने वाढला. तिसऱ्याला त्याचा हात आपणहून गेला. कित्येक महिन्यांत त्याने एखादा पदार्थ मध्ये फोन न वाजता संपवला होता.

"फोनसुद्धा बाहेर ठेवता? मोठ्या कारखान्यांत एवढी शिस्त नसते." आणि त्याने असतील नसतील तेवढी सगळी पाकिटं मागितली. पुढच्या मोसमाचीही.

निघताना फोनवरचे तांदूळ झटकत तो नम्रताला हळूच म्हणाला, "कॉल ऑफ म्हणजे भेट रद्द. तुम्हाला तरी कळलं असेल ना?"

"कळलं होतं."

"मग?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तुम्ही अजून बोललाच नाहीत."

हर्षद हसला आणि गाडीत बसला. तेवढ्यात आतून केरूचा आवाज आला, "आवडे, हिच्या मावशीला फोन लाव. म्हनावं, ठान्याचं कॉल ऑफ!"

नम्रताने चमकून मागे पाहिलं. बाबांचं डोकं पिंपात होतं. उरलेले फोन शोधत होते, म्हणे.