हवालदारांचे ‘थम!’

आमचे शेजारी, निवृत्त हवालदार कांबळे, स्वतःलाच हुकूम देतात. भर मंडईत, परक्याच्या दारात, क्वचित रस्त्याच्या मधोमध ते कवायतीत पलटण थांबवतात तसे “थम!” असे गरजतात, काखेतले घडीचे स्टूल उघडतात आणि बसतात. साताऱ्यात निवृत्त सैनिक पुष्कळ आहेत. स्टूलधारी हा एकच. माझ्या पुतण्याच्या वरातीत त्यांनी असाच हुकूम सोडला. बँड बंद पडला. घोडा त्याआधीच थांबला होता. तो अधिक शिस्तीचा असावा.

हवालदारांना आमवात आहे; त्यात शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. सांधे दुखतात, हे लोकांना पटते. थकवा पटत नाही. ते तो आपल्या भाषेत समजावतात : “डाक्टर म्हणतोय, तुमचीच पलटन तुमच्यावर गोळ्या झाडती. शत्रूच न्हाई, तर लढायचं कुणासंगं, गड्या? रसद तेवढी राखायची.”

मला ‘गड्या’ म्हणण्याचे कारण नाही. मी वयाने वडील आहे. परंतु चालवून घेतो.

ही रसद एकाच कामासाठी राखलेली असते. रोज संध्याकाळी पत्नीला, सुमनवहिनींना, घेऊन तळ्यापर्यंत जायचे. त्यासाठी दाढी बसून, अंघोळीनंतर आडवे, दुपारी बोलणेही बंद. कोणी चहाला बोलावले, तर उत्तर ठरलेले : “सांच्याला ड्यूटी हाय.”

यंदा प्रजासत्ताक दिनी कॉलनीने झेंडावंदनाचा मान त्यांना दिला. भाषणे लांबली. मी खुर्ची पुढे केली.

“झेंड्याखाली बसत न्हाईत,” ते पुटपुटले.

शेवटचा वक्ता संपेपर्यंत ते सावधान उभे होते. त्या सकाळी ‘थम’ ऐकू आले नाही.

संध्याकाळी ते फाटकाशी स्टुलावर बसलेले दिसले. सुमनवहिनी चपला घालून बाहेर आल्या. हवालदारांनी उठण्याचा प्रयत्न केला, पुन्हा केला. शरीराने हुकूम मानला नाही.

“आज न्हाई जमायचं,” ते म्हणाले.

मी कुंपणाअलीकडे उभा होतो. तेथून निघावे, असे वाटले. पण ते माझ्याशीच बोलू लागले.

“सुट्टी सपली की ही मला सोडाय यष्टी स्टँडापातूर यायची. माझी चाल कवायतीची. मागनं वरडायची, ‘आवं, थांबा की जरा!’ म्या कवा थांबलो न्हाई. आता हिच्या संगं चालावं म्हनलं, तर पायात दम न्हाई.”

वहिनी वळून आत गेल्या. रागावल्या असाव्यात, असा माझा समज झाला. त्या पाट घेऊन परतल्या आणि स्टुलाला लागून बसल्या.

“आता थांबलायसा न्हवं?” त्या म्हणाल्या. “मग झालं. मी बी दमलीया.”

त्यांनी चपला काढल्या आणि हवालदारांच्या स्टुलाखाली सारून ठेवल्या.