नलूकाकूंचा आवाज

आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत नलूकाकू येताना कुणाला कधी दिसत नाहीत. त्या आलेल्याच असतात. गॅलरीत कपडे वाळत घालता घालता तुम्ही सहज वळता, तर हातभर अंतरावर काकू उभ्या. दूधवाल्याच्या हातून पिशव्या पडल्यात. माझ्या आईनं तर एकदा थेट देव्हाऱ्याकडं धाव घेतली होती.

काकूंच्या घरात कुकरची शिट्टी होत नाही. व्हायच्या बेतात आली की त्या गॅस बंद करतात. बेलमध्ये कापूस कोंबलाय, खुर्च्यांच्या पायांत जुने मोजे घातलेत. आपण जरा मोठ्यानं बोललो की त्या ओठांवर बोट ठेवतात. "हळू गं बाई. कुणीतरी झोपलेलं असतंय." घरात त्या एकट्या. काका वारले ते आम्ही गल्लीत राहायला यायच्या आधीच. मग झोपलेलं कोण असतं, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

कॉलेजात आम्हाला म्युझिक व्हिडिओ करायचा होता. दिग्दर्शन माझं, कॅमेरा समीरचा. गाणं आमच्याच वर्गातल्या सायलीनं स्वतः लिहिलं, चाल लावली आणि आमच्या गच्चीवर बसून रेकॉर्ड केलं. रिकाम्या घरात एक मुलगी गात फिरते, एवढीच गोष्ट. स्टोरीबोर्ड काढून झाल्यावर मी काकूंचा वरचा मजला मागितला.

"करा की. पण हळू," म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या.

भर दुपारी शूटिंग झालं. स्पीकरवर बारीक आवाजात गाणं लावायचं, सायलीनं त्यावर ओठ हलवायचे, बाकी आम्हा दोघांचे डोळे तिच्यावर. मधे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी एडिटिंग रूममध्ये फुटेज मोठ्या स्क्रीनवर लावलं आणि समीरनं पॉज दाबला. "ये पीछे कौन है रे?"

सायलीमागच्या पडद्याशी काहीतरी पांढरं होतं. पुढच्या शॉटमध्ये आरशाच्या कडेला अर्धा चेहरा. जिन्याच्या शॉटमध्ये कठड्यावर नुसती बोटं. एकही शॉट काकूंशिवाय नव्हता.

"झूम कर," मी म्हटलं. त्यानं केलं. काकूंचे ओठ हलत होते. शब्द न् शब्द, सायलीपेक्षाही बरोबर. जे गाणं आम्ही अजून कुणालाच ऐकवलं नव्हतं, ते.

"मैं उनके घर नै आतौं," समीर म्हणाला. पण सगळं पुन्हा शूट करायचं तर जाणं भागच होतं.

आम्ही दोघंच गेलो. चाचरत विचारलं, तर काकू चक्क लाजल्या. "दिसले व्हय मी त्याच्यात? वर माणसं फिरायलीत, मग खाली बसवेना. आले तुमच्या मागं मागं."

"पण गाणं कसं येतं तुम्हाला?"

"गच्चीवर म्हणायलात की रोज. पाठच झालं."

"मग मोठ्यानं म्हणायचं ना काकू. नुसते ओठ कशाला?"

"सवय गं. ह्यांची कायमची रात्रपाळी, वाळूजला कंपनीत. दिवसा झोपायचे, अन् झोप लई हलकी. लग्नाआधी मी लई गायची. इथं आल्यावर सगळं ओठांतल्या ओठांत. आता ते नाहीत, तर आवाजच फुटत नाय बघ."

समीरनं बॅगेतून माइक काढून त्यांच्यासमोर ठेवला. मी हेडफोन घातले. काकूंनी पदर सावरला, तोंड उघडलं. मला नुसता श्वास ऐकू आला. त्यांची नजर आतल्या खोलीकडं गेली होती. दार उघडं होतं. पलंगावर सुरकुती नसलेली चादर, एक उशी. काकू तिकडंच बघत राहिल्या.

समीर उठला. चवड्यांवर चालत त्या दारापर्यंत गेला, आत खरंच कुणाचा डोळा लागला असावा तसं ते अलगद ओढून घेतलं, कडी वाजू न देता. परत येऊन बसला.

"अब गाओ काकू," तो कुजबुजला.

पहिली ओळ चिरकी, फाटकी आली. दुसऱ्या ओळीला काकूंनी असा आवाज लावला की मला हेडफोन काढून ठेवावे लागले.